टीचर, माऊस कुणाच्या हातात होता?

या वेळचं पत्र गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेच्या सायन्स टीचरचं आहे. पत्र बरंच लांब आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, आमची सातवी-आठवीची सहा मुलं पहिल्यांदाच रोबोटिक्सच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली. पहिली आलेली टीम पणजीकडच्या एका क्लासची. त्यांचे सर पिटमध्ये, म्हणजे टीमनी रोबोट तयार करायच्या जागेत, बसून स्वतः लॅपटॉपवर काहीतरी करत होते, आमच्या मुलांनी बघितलं, मीही बघितलं. निकालानंतर मुलं रडली. एका मुलाच्या वडिलांनी त्या टीमचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला आणि आता पालकांच्या ग्रुपवर 'तक्रार करा, बक्षीस परत घ्यायला लावा' असं चाललंय. त्यात स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक प्रकार झाला होता. त्याच टीमला चार्जिंगची केबल सापडत नव्हती, ती मागायला आले तर आमच्या मुलाने जादा केबल असूनही नाही म्हणून सांगितलं, मी बाजूलाच होते, काही बोलले नाही. बाकी आम्ही शेवटपर्यंत प्रामाणिकपणे खेळलो. आदल्या रात्री मुलं दमली होती म्हणून प्रोग्राममधला लाइन फॉलोइंगचा, म्हणजे रोबोटने मॅटवरची काळी रेघ धरून चालण्याचा, तेवढा भाग मी नीट करून ठेवला, पण ते वेगळं. शेवटच्या रनला रोबोट लाइन सोडून भलतीकडेच गेला आणि मुलांना काय झालं तेच कळेना, नाहीतर पहिले आम्हीच होतो. हेडमास्तर म्हणतात पुढच्या वर्षी आपणही बाहेरचा कोच आणू. मी काय करू?"

टीचर, आधी मनापासून अभिनंदन. पहिल्याच वर्षी दुसरा नंबर, आणि तोही सत्तरीतून, जिथे पावसात लाईट गेली की कधी येईल ते लाइनमनलासुद्धा सांगता येत नाही. सहा मुलांना घेऊन तुम्ही हे केलंत ही साधी गोष्ट नाही. पण सल्ला मागितलाय तर स्पष्टच बोलते. अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात घाईत लिहून पुढे गेलात, "पण ते वेगळं". काय वेगळं हो?

रागावू नका, तुम्ही आणि ते सर एका मापाचे असं मी म्हणत नाही. स्पर्धा चालू असताना पिटमध्ये बसून प्रोग्राम बदलणं, म्हणजे जर तसं झालं असेल तर, आणि आदल्या रात्री दमलेल्या मुलांच्या मायेपोटी प्रोग्रामचे दोन ब्लॉक सरळ करणं, यात फरक आहेच. पण मुलांचं काम मोठ्या माणसाच्या हातून झालं एवढं दोन्हीकडे सारखं आहे, आणि जोवर तुमच्याकडचं तुम्ही स्वतः निस्तरत नाही तोवर त्यांच्याकडचं बोलायला तोंड उघडलंत तर उद्या तुमचाच एखादा विद्यार्थी उभा राहून म्हणेल, टीचर, आपल्याकडे पण तर... मग काय उत्तर देणार?

कुठली स्पर्धा ते तुम्ही लिहिलं नाहीत, बरं केलंत, पण त्यामुळे नियमाचं जरा लांबून सांगावं लागतंय कारण सगळीकडे नियम सारखे नसतात आणि अर्धी भांडणं त्यातूनच होतात. फर्स्ट या अमेरिकन संस्थेच्या फर्स्ट लेगो लीगमध्ये लहान मुलं असतात, तिथे रोबोट बांधणं, प्रोग्राम लिहिणं, जजसमोर बोलणं सगळं मुलांनीच करायचं, मोठ्यांनी शिकवायचं आणि वाट दाखवायची. व्हेक्स ही दुसरी रोबोटिक्स स्पर्धा, त्यांनी तर विद्यार्थीच केंद्रस्थानी हे धोरण म्हणूनच लिहून ठेवलंय, मोठ्यांनी समजावावं पण करू नये, आणि मोडलं तर टीम बाद होऊ शकते. आता गंमत बघा, त्याच फर्स्टची मोठ्या मुलांची जी स्पर्धा आहे, नववीपासून पुढच्यांची, मोठाले रोबोट असतात ती, तिथे इंजिनियर मंडळी मुलांच्या शेजारी उभी राहून पाना चालवतात आणि ते चालतं. डीन केमनने १९८९ मध्ये फर्स्ट काढलं तेव्हा त्याच्या डोक्यात होतंच की मुलांना खरे इंजिनियर काम करताना बघायला मिळाले पाहिजेत, १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीम घेऊन पहिली स्पर्धा झाली ती याच विचाराने. तिथेसुद्धा मोठ्यांनी किती करावं यावर वर्षानुवर्षं वाद घालतात लोक. तर सांगायचं काय, तुमच्या स्पर्धेच्या रूलबुकात मेंटरबद्दल, म्हणजे टीमला शिकवणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल, नेमकं काय लिहिलंय ते आधी काढून वाचा. पत्रात तुम्ही पॉइंट, बक्षीस, व्हिडिओ सगळ्याबद्दल लिहिलंय, रूलबुकाचं नावसुद्धा नाही.

आपल्याकडे ही खोड रोबोटच्या आधीपासून आहे. दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचंच घ्या. वाड्यावरच्या भुरग्यांचा, म्हणजे पोरांचा, नरकासुर म्हणतात, पण लोखंडी सांगाडा वेल्डिंग करणार मोठे दादा, मोटर लावून हात हलवणार ते, लायटिंगही तेच करणार, आणि भुरगी काय करणार, तर पेपर चिकटवणार आणि घरोघर वर्गणी मागत फिरणार. मग बक्षीस मिळालं की फोटोला मात्र भुरगी पुढे. तिथे चालून जातं कारण पहाटे तो जाळायचाच असतो आणि नरकासुराला कुणी विचारत नाही की बाबा तुझा हात कसा हलतो. रोबोटिक्सच्या स्पर्धेत विचारतात. तेच तर असतं तिथे.

मी अशा स्पर्धांना जज म्हणून बसलेय, म्हणून सांगते की मोठ्यांचा हात लपत नाही. लॅपटॉप कुणी धरला ते जजला दिसत नाही, पण पोरांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं. साधा प्रश्न, हा आकडा इथे का टाकलास? ज्याने स्वतः केलंय ते पोर म्हणतं, चाक ५.६ सेंटीमीटरचं आहे, एका फेरीत साडेसतरा जातं, आम्हाला पस्तीस जायचं होतं म्हणून दोन फेऱ्या, पण मॅटवर घसरतं म्हणून थोडं वाढवलं, मग ते भिंतीला आपटलं, मग परत कमी केलं... त्याला थांबवावं लागतं. अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत, मध्ये इंग्लिश शब्द, पण सगळं त्याचं. आणि ज्याने केलेलं नाही ते पोर पाठ केलेलं सुंदर इंग्लिश बोलतं आणि दुसऱ्या प्रश्नाला दाराकडे बघतं, दारात सर असतात. दुसरा माझा आवडता प्रश्न, कुठलं डिझाइन टाकून दिलंत? खरं काम केलेल्या टीमकडे टाकून दिलेल्या गोष्टींचा ढीग असतो, अटॅचमेंट मोडली, गिअर उलटा लागला, कुणीतरी त्यावर बसलं. मोठ्यांनी केलेल्या रोबोटला असा भूतकाळच नसतो, तो थेट तयार होऊन आलेला असतो.

आणि यातून तुमच्या मनातली दुसरी एक गोष्ट पण तपासून बघा. तुम्ही धरूनच चाललाय की पहिला नंबर त्या लॅपटॉपमुळे गेला. लेगो लीगमध्ये टेबलावर रोबोट अडीच मिनिटांत किती पॉइंट करतो हा चारातला एक भाग असतो, बाकी तीन म्हणजे रोबोटचं डिझाइन, प्रोजेक्ट आणि टीम म्हणून कशी वागता ते. तुमची स्पर्धा तशी असेल तर ती मुलं जजसमोर चांगली बोलली असतील, त्यांचा प्रोजेक्ट चांगला असेल, असंही होऊ शकतं ना? मार्कांची शीट मिळत असेल तर मागून घ्या. ती भांडायला नाही, पुढच्या वर्षाला उपयोगी पडते म्हणून.

आता तो शेवटचा रन. रोबोट लाइन सोडून गेला आणि मुलांना काय झालं तेच कळेना, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथे नव्हते त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण तुमचाच परिच्छेद परत वाचा. लाइन फॉलोइंगचा भाग कुणी लिहिला होता? शाळेत ट्यूबलाइटखाली सेन्सरला समजा पांढरं ८० दिसतं आणि काळं १०, मग मधला ४५ धरून रोबोटला सांगायचं की याच्या खाली आलास तर इकडे वळ, वर गेलास तर तिकडे. हॉलमध्ये वरून फोकस मारलेले असतात, मॅट वेगळी असते, सेन्सर बसवताना दोन मिलीमीटर वर गेलेला असतो, आकडे बदलतात, मग तो ४५ बदलावा लागतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण ज्या पोराला तो ४५ कुठून आला हेच माहीत नाही त्याने काय बदलायचं? तुम्ही रात्री मुलांची झोप वाचवलीत आणि सकाळी ती मुलं स्वतःच्याच रोबोटसमोर परकी झाली. मदत म्हणून केलेल्या गोष्टीचा असा उलटा घाव बसतो बघा, आणि तो नेमका स्पर्धेच्या दिवशीच बसतो.

मग दमलेल्या मुलांचं करायचं काय? झोपवायचं त्यांना! सकाळी अर्धवट प्रोग्राम घेऊन जायचं, टेबलावरचं ते काम, ते मिशन, सोडून द्यायचं, तेवढे पॉइंट गेले तर गेले. आणि एरवी शिकवताना एक पथ्य पाळा, माऊस मुलाच्याच हातात. तुम्हाला काही दाखवायचंच असेल तर वेगळी फाइल उघडा, वेगळं उदाहरण करून दाखवा, डिलीट करा, मग त्यांना त्यांचं लिहू दे. चूक दिसली तरी लगेच बोलू नका, "हे पळवून बघ" म्हणा, रोबोट टेबलावरून पडला की पोराला आपोआप कळतं. मला माहीत आहे हे किती कठीण आहे, समोर चूक दिसतेय आणि वेळ संपत आलाय आणि आपल्याला येतंय, हात शिवशिवतात अगदी. हात पाठीमागे बांधून उभ्या राहा, खरंच सांगते, मेंटर लोक उभे राहतात तसे.

आणि सोमवारी सहाही जणांना बसवून सांगा की त्या रात्री तो भाग मी केला, तो माझ्याकडून व्हायला नको होता, चला आता तो पुसून तुम्ही लिहा. एवढंच. रडगाणं नको, भाषण नको. मुलांना बहुतेक माहीतच असेल.

हे झालं की मग त्या सरांकडे वळू. तुम्ही नक्की काय बघितलंत? पत्रात लिहिलंय "लॅपटॉपवर काहीतरी करत होते", आणि ग्रुपवर जाईपर्यंत त्याचं "प्रोग्राम बदलला" झालंय. रोबोटचा हब, म्हणजे त्याचा मेंदू, ब्लूटूथला जोडला जात नसेल, अपडेट मागत असेल, लॅपटॉपच हँग झाला असेल, मोठ्यांनी तेवढं करणं कुठे चालतं कुठे चालत नाही तेही रूलबुकच सांगेल. आणि कदाचित त्यांनी खरंच प्रोग्राम लिहिलाही असेल, नाही असं मी म्हणत नाही. काही क्लासवाल्यांचं गणित सरळ आहे, ट्रॉफीचा फोटो पेपरात आला की पुढच्या बॅचला ॲडमिशन वाढतात, मग पोरांनी चुका करत बसणं त्यांना परवडत नाही. आता गोवा सरकारच्या केअर्स योजनेतून शाळाशाळांत कोडिंग-रोबोटिक्स आलं, कुठे केंद्राच्या अटल लॅब आल्या, चांगलंच झालं, पण त्याबरोबर हा धंदाही आला. हे मला मुळीच आवडत नाही आणि मी ते लपवतही नाही. पण न आवडणं वेगळं आणि एका माणसावर नाव घेऊन आरोप करणं वेगळं.

तक्रारीला वेळ आणि जागा असते. बऱ्याच मोठ्या स्पर्धांमध्ये मॅचबद्दल हेड रेफरीशी बोलायचा हक्क फक्त विद्यार्थ्याला असतो, मेंटरला नाही, पालकाला तर नाहीच, आणि व्हेक्समध्ये रेफरी कुणाचा व्हिडिओ बघतच नाहीत. लेगो लीगमध्ये टेबलावरच स्कोअर मुलांना दाखवतात, मुलांनी हो म्हटलं की तो पक्का. त्यामुळे तुमच्या त्या पालकांनी मोबाईल नाचवून काहीही होणार नाही, उलट आयोजकांच्या डोक्यात तुमची शाळा म्हणजे भांडकुदळ शाळा असं बसेल. मेंटरच्या वागण्याची गोष्ट असेल तर ती तुम्ही, मोठ्यांनी, त्याच दिवशी आयोजकांना बाजूला घेऊन सांगायची असते. ती वेळ गेली. आता एक साधं मेल लिहा, किती वाजता, कुठे, काय दिसलं तेवढंच. फसवणूक, अन्याय, संगनमत असले शब्द नकोत. बक्षीस परत मागू नका. पुढच्या वर्षी पिटमध्ये मोठ्यांना प्रवेश ठेवू नये किंवा ठेवला तर काय करता येईल ते आधी सांगावं, अशी सूचना करा, आणि खाली हेही लिहा की आमच्याकडूनही आदल्या रात्री मुलांचं काम मोठ्यांनी करण्याचा प्रकार झाला. तुम्हाला वाटेल ताई वेडी झाली. पण ज्या मेलमध्ये स्वतःचं पण लिहिलेलं असतं ते मेल आयोजक नीट वाचतात, बाकीची डिलीट होतात.

स्टेटस मात्र आजच्या आज काढायला लावा. त्यात दुसऱ्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे चेहरे आहेत. सरांनी काही केलं असेल तर सरांनी केलं, त्या पोरांचं काय? त्यांच्या वर्गात, त्यांच्या बिल्डिंगमध्ये तो व्हिडिओ फिरला तर त्यांना चोर म्हणून चिडवतील आणि त्यातल्या एखाद्याने कदाचित महिनाभर जीव तोडून काम केलेलं असेल. वडिलांना ग्रुपवर बोलू नका, ग्रुपवर माणूस हरायला तयार नसतो, फोन करा किंवा शाळेत बोलवा, चहा द्या आणि सांगा की तुमचा राग मला कळतो पण हे काढा. बरं, गोवा असा केवढा मोठा आहे? पुढच्या स्पर्धेला तेच सर, तीच मुलं, तोच हॉल. परत समोरासमोर येणारच आहात.

आता केबल. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आणि राग मुलाचा नाही आला, तो तेरा वर्षांचा आहे, त्याला वाटलं असेल आपण टीमचं भलं करतोय. वुडी फ्लॉवर्स म्हणून एमआयटीमध्ये मेकॅनिकलचे प्रोफेसर होते, २०१९ मध्ये वारले, फर्स्टमध्ये ग्रेशस प्रोफेशनलिझम म्हणून जे म्हणतात ते त्यांनी रुजवलं, आणि त्यांचं सांगणं साधं होतं, जीव तोडून स्पर्धा करा पण समोरच्याला माणसासारखं वागवा. हे फक्त भिंतीवर लावायचं पोस्टर नाही, लेगो लीगमध्ये रेफरी प्रत्येक मॅचला त्याचे २, ३ किंवा ४ असे मार्क टाकतात. मोठ्या स्पर्धांमध्ये तर कुणाचा पार्ट तुटला की माईकवरून पुकारतात, अमुक टीमला अमुक मोटर हवीय, आणि जिच्याशी पुढची मॅच आहे तीच टीम घेऊन धावते. बंद पडलेल्या रोबोटला हरवून काय मजा?

त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलू नका. एकट्याला बोलवा, आणि सुरुवात तुमच्यापासून करा, तू नाही म्हणालास तेव्हा मी शेजारी होते आणि गप्प बसले, म्हणजे मी हो म्हटल्यासारखंच झालं. मग त्यालाच विचारा आता काय करू या. मुलं अशा वेळी आपल्यापेक्षा चांगलं सुचवतात. त्या टीमला एखादा मेसेज, किंवा सुट्टीत एकदा शाळेत बोलावून दोन्ही टीमनी एका टेबलावर रोबोट पळवणं, काहीही चालेल. त्यांच्याकडून शिकायलाही मिळेल. बालरथ, म्हणजे शाळेची बस, काढून तुम्ही पणजीला जाऊ शकलात तर त्यांनाही सत्तरीत यायला काही लांब नाही, आणि तुमच्याकडचं जेवण त्यांना आवडेल.

राहता राहिला हेडमास्तरांचा कोच. आणा की, मी नाही म्हणत नाही. तुम्ही एकट्या किती करणार, पोर्शन आहे, पेपर आहेत, इलेक्शन ड्युटी आहे. इंजिनियरिंगची मुलं फर्मागुडीला आहेत, झुआरीनगरला आहेत, कुणी शनिवारी यायला तयार झालं तर उत्तमच, वयाने जवळची असतात त्यामुळे मुलं मोकळेपणाने विचारतात. फक्त पहिल्याच दिवशी चार गोष्टी बोलून घ्या, जमल्यास कागदावर. शाळेच्या रोबोटला आणि लॅपटॉपला त्याने हात लावायचा नाही, दाखवायचं तर स्वतःचा किट आणून दाखवायचं. प्रत्येक आठवड्याला मुलांनी वहीत लिहायचं, काय केलं, काय फसलं, आणि त्या वहीत कोचचं अक्षर दिसता कामा नये. स्पर्धेच्या दिवशी तो पालकांबरोबर बसेल, पिटमध्ये नाही. आणि मानधन द्यायचं ते महिन्याच्या महिन्याला, नंबर आला तर जादा असं काही ठेवू नका, हेडमास्तर ठेवायला बघतील, तिथे तुम्ही अडून बसा.